कबऱ्या पानांची तगर हिरवी का होते, आणि तिला कबरी कशी राखायची

निपाणी भागातल्या एका वहिनींनी विचारलंय: "तीन वर्षांपूर्वी बेळगावातून पांढऱ्या कडांच्या पानांची तगर आणली. घरासमोर पश्चिमेच्या कंपाउंडलगत लावली. दोन वर्षं झाड सुंदर होतं. आता निम्मं झाड साधं हिरवं झालंय आणि तीच बाजू जोरात वाढतेय. उरलेल्या पानांच्या कडा मार्च-एप्रिलात करपतात. फुलं कमी. दर महिन्याला थोडा युरिया आणि चुलीतली राख घालते. सासूबाई म्हणतात, हिरव्या बाजूलाच पूजेची फुलं मिळतात, ती तोडू नको. काय करू?"

वहिनी, सगळा तपशील दिलात, त्यामुळे उत्तर सोपं झालं. आधी कामाचं सांगतो. हिरवी बाजू काढावी लागेल. युरिया आणि राख आजपासून बंद करा. दुपारनंतरच्या उन्हाला काहीतरी आडोसा हवा. सासूबाईंची फुलं मात्र कमी होणार नाहीत, उलट वाढतील. त्याची वाट पुढं सांगतो.

आता कारण बघा. ते नीट समजलं तर पुढची दहा वर्षं हे झाड तुम्हीच सांभाळाल, कुणाला विचारावं लागणार नाही. मी बेळगाव तालुक्यात गेली ३० वर्षं रोपवाटिका चालवतो. या झाडाच्या ज्या तक्रारी माझ्याकडं येतात, त्यातल्या बहुतेक या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात.

पानातला हिरवा भाग झाडाचं जेवण शिजवतो. पांढऱ्या कडेत हरितद्रव्य नाही, म्हणून ती कड स्वतः काही शिजवत नाही, हिरव्या भागानं शिजवलेलं खाते. घरात कमावणारे कमी आणि खाणारे जास्त, असा या झाडाचा संसार. म्हणूनच कबरी तगर साध्या तगरीपेक्षा हळू वाढते, बुटकी राहते, फुलं जरा कमी देते आणि हलगर्जीपणा तिला पटकन बाधतो. साधी हिरवी तगर आमच्याकडं विहिरीच्या कडेला, देवळामागं, कुणी पाणी न घालता माणसाच्या डोक्यावर जाते. कबरी तशी सोडून चालत नाही.

पांढरी कड येते कुठून? फांदीच्या टोकाशी, जिथं नवीन पान जन्मतं, तिथं पेशींचे थर एकावर एक असतात. साध्या तगरीत पानाचा गर ज्या थरांतून तयार होतो ते सगळे हिरवे होऊ शकणारे. कबऱ्या झाडात वरून दुसरा थर हरितद्रव्य न बनवणारा असतो आणि त्याच्या आतला थर बनवणारा. पानाची कड मुख्यतः त्या दुसऱ्या थरातून होते, मधला भाग आतल्या थरातून. म्हणून मध्ये हिरवं आणि कडेला पांढरं. हे कोडं १९०९ साली एर्विन बाउर या जर्मन शास्त्रज्ञानं जिरेनियमच्या पांढऱ्या कडांच्या पानांवर काम करून उलगडलं. एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात, असं त्यानं दाखवलं.

हा शेजार मात्र कायम टिकतोच असं नाही. एखादा डोळा फुटताना आतली हिरवी पेशी वरच्या थरात सरकते, आणि त्या डोळ्यातून निघणारी अख्खी फांदी हिरवी होते. जखम झाली, फांदी वाऱ्यानं मोडली, कुणी खालपर्यंत छाटली, की वेडेवाकडे डोळे फुटतात आणि असं होण्याची शक्यता वाढते. मुळातून वर येणारा फुटवा तर जवळजवळ नेहमीच हिरवा असतो, कारण तो आतल्या थरातून जन्मतो.

तेव्हा हिरवी फांदी म्हणजे रोग नाही. खत कमी पडल्याची खूणही नाही. आणि एकदा हिरवी झालेली फांदी पुन्हा आपणहून कबरी होत नाही. तिला औषध मारा, ऊन द्या, सावलीत न्या, ती हिरवीच राहणार. बरेच जण सांगतात की ऊन कमी पडलं म्हणून पट्टा गेला. क्रोटॉनच्या बाबतीत ते खरं आहे. क्रोटॉनचा रंग उन्हावर चढतो आणि सावलीत हिरवट पडतो. तगरीचं तसं नाही. सावलीत तगर विरळ होते, पेरं लांबतात, फुलं येत नाहीत, पण पांढरी कड जात नाही. दोन झाडांचे नियम एकत्र केले की हातून चूक होते.

तुमच्याकडं काय झालं असेल ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी कधीतरी बुडाशी एक हिरवा फुटवा आला. त्याची सगळीच पानं कमावणारी. वर तुम्ही दर महिन्याला युरिया घातलात. युरियाचा जोर जो आधीच धावतोय त्यालाच जास्त मिळतो. हिरव्या बाजूनं उंची गाठली, कबऱ्या बाजूवर सावली केली आणि मुळांचं पाणीही ओढून घेतलं. अजून दोन वर्षं तसंच सोडलंत तर कबरी तगर होती एवढीच आठवण राहील.

काढायची कशी, इथं थोडं थांबतो, कारण इथंच बहुतेकांचं चुकतं. हिरवी फांदी नुसती शेंड्याकडून छाटू नका. तशी छाटली की उरलेल्या खुंटावरचे सगळे डोळे फुटतात आणि एकाच्या जागी चार हिरव्या फांद्या होतात. फांदी हातानं धरत धरत खाली जा. जिथून पान पहिल्यांदा पूर्ण हिरवं दिसतं ती जागा शोधा. फांदी कबऱ्या लाकडातून निघाली असेल तर तिच्या अगदी मुळाशी, खुंट न ठेवता कापा. शंका असेल तर एक पेर आणखी खाली, म्हणजे स्पष्ट कबरी पानं असलेल्या भागात जाऊन कापा. जमिनीतून आलेली असेल तर माती बाजूला करून मुळाशी जिथं चिकटलीय तिथून काढा.

निम्मं झाड जातंय म्हटल्यावर जीव हळहळतो, ते मला कळतं. पण सगळी हिरवी बाजू एका दिवशी काढू नका. झाड सध्या त्याच बाजूवर जगतंय. आता अर्धी काढा, उरलेली सहा आठवड्यांनी, कबऱ्या बाजूला नवी पालवी दिसल्यावर. कात्री धारदार हवी आणि आधी स्पिरिटनं पुसलेली. कापल्यावर पांढरा चीक वाहतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नका, हाताला लागला तर साबणानं धुवा. जवळ लहान मूल असेल तर त्याला दूर ठेवा. तगर कण्हेरीच्याच कुळातली आहे आणि तिचा कुठलाही भाग तोंडात घालायचा नसतो. एक गोष्ट आठवली म्हणून सांगतो. आयुर्वेदाच्या दुकानात 'तगर' म्हणून जी मुळं मिळतात, ती वेगळ्या, हिमालयातल्या वनस्पतीची असतात. नाव सारखं म्हणून कुणी आपल्या दारातल्या तगरीचं मूळ काढ्यात घालू नये. कन्नडमध्ये आपल्या या झाडाला नंदीबट्टलु म्हणतात. बाजारात घेताना ते नाव सांगितलंत तर घोळ होत नाही.

आता सासूबाईंचं. कापलेली हिरवी फांदी फेकू नका. ती चांगली, जोमदार साधी तगर आहे. तिच्याच कटिंग करा आणि परसात विहिरीजवळ किंवा तुळशीमागं लावा. दीड-दोन वर्षांत तिथं पूजेला पुरून उरतील एवढी फुलं येतील. पुढच्या अंगणात कबरी तगर पानांसाठी आणि मागं हिरवी तगर फुलांसाठी, अशी वाटणी करा. मी हा सल्ला अनेक घरांत दिलाय. झाड कापायला नको म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना 'हिची पोरं मागं लावतोय' म्हटलं की त्या स्वतः पाणी घालायला येतात.

कटिंग करायची ती वळीव पडून हवेत जरा गारवा आल्यावर, मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर गणपतीनंतर. यंदा फुटलेल्या पण हिरवटपणा सोडून करडी व्हायला लागलेल्या फांद्या निवडा. जाडी पेन्सिलीपेक्षा थोडी कमी, लांबी बोटभर, तीन-चार पेरं. खालचा काप पेराच्या लगेच खाली. कापलेल्या काड्या पाण्याच्या भांड्यात पंधरा-वीस मिनिटं उभ्या ठेवा, म्हणजे चीक वाहून जातो. चीक तसाच सुकला तर कापाच्या तोंडावर बूच बसतं. खालची पानं काढा, वरची दोन ठेवून तीही अर्धी कापा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. कोकोपीट नसेल तर नारळाच्या शेंड्या कुजवून चाळलेला चुरा चालतो. सावलीत ठेवा, पावसाची धार थेट पडू देऊ नका. चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. काडी उपटून बघायची नाही. नवं पान उलगडलं की समजायचं.

कबऱ्या बाजूच्याही चार-पाच काड्या याच वेळी लावून ठेवा. मूळ झाडाला काही झालंच तर हाताशी बी-बियाणं असल्यासारखं होतं. कबऱ्याला खरं बी कधी वापरायचं नाही, त्यातून पांढऱ्या कडेचं रोप मिळत नाही. काडी निवडताना प्रत्येक पानात हिरवं आणि पांढरं दोन्ही नीट दिसेल अशीच घ्या. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका झाडावर पूर्ण पांढरट, लोण्यासारख्या पानांची फांदी आली होती. एवढं देखणं काही मी पाहिलं नव्हतं. तिच्या २० काड्या लावल्या. त्यांना मुळं आली, पानंही उलगडली आणि दोन महिन्यांत एकेक करून सगळ्या गेल्या. ज्या पानात हिरवं नाही, त्याला आईपासून तोडलं की जेवण नाही. त्या दिवसापासून पूर्ण पांढरी फांदीही मी मूळ झाडावरून काढून टाकतो. ती झाडाला नुसती खाते. म्हणजे कात्री दोन्ही टोकांना चालवायची, पूर्ण हिरव्यावर आणि पूर्ण पांढऱ्यावर. मधलं ठेवायचं.

करपलेल्या कडांकडं येऊ. त्याला तुमच्याकडं तीन कारणं एकत्र आली आहेत.

पहिलं ऊन. पश्चिमेचं कंपाउंड म्हणजे दुपारी दोन ते सहा थेट तोंडावर ऊन, शिवाय भिंत तापून रात्रीपर्यंत धग देते. पांढऱ्या कडेला उन्हापासून बचाव करणारी रंगद्रव्यं कमी असतात आणि शिरांपासून सगळ्यात लांब असल्यानं पाणीही तिथं शेवटी पोचतं. म्हणून करपणं कडेपासूनच सुरू होतं. या झाडाची खरी जागा म्हणजे घराची पूर्व बाजू. सकाळचं चार तास ऊन, बारानंतर सावली. तीन वर्षांचं झाड उपटून हलवा असं मी म्हणणार नाही, मुळं तुटतील. त्यापेक्षा फेब्रुवारीअखेर ते वळीव पडेपर्यंत पश्चिमेला ५० टक्क्यांची शेडनेट उभी बांधा, झाडापासून दोन फूट लांब. कायमचा उपाय हवा असेल तर त्या बाजूला शेवगा किंवा पपईसारखं पटकन वाढणारं झाड लावा. त्याची विरळ सावली पुरते.

दुसरं कारण क्षार. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी पानातून उडून जातं, क्षार मागं राहतात आणि पानाच्या कडेला साठतात. त्यावर दर महिन्याला युरिया. मडक्याच्या बाहेर पांढरा थर येतो तसाच प्रकार पानात होतो. पावसाळ्यात छपराचं पाणी पिंपात धरून ठेवा आणि जमेल तितके दिवस तेच वापरा. आणि रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पाणी मुळांखाली उतरेल इतकं भरपूर द्या. म्हणजे क्षार खाली वाहून जातात. बोअरचं पाणी पानांवर मारू नका, चुन्याचे ठिपके पडतात आणि कबऱ्या पानावर ते फार वाईट दिसतात.

तिसरं कारण म्हणजे राख, आणि हे समजायला आपल्या मातीचं बघावं लागेल.

आपल्या या पट्ट्यात पन्नास-साठ किलोमीटरवर जमीन आणि आभाळ दोन्ही बदलतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जांभ्याची तांबडी माती, थोडी आंबट, पाणी झरझर उतरणारी. अथणीला वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस कणकुंबीला एकट्या जुलैत पडतो. बेळगाव शहर मधे, साधारण ७५० मीटर उंचीवर. टिळकवाडीकडच्या अंगणात तांबडी माती आणि शहापूर-वडगावच्या बाजूला काळी. तुमच्या निपाणी-चिकोडीकडं आणि पुढं रायबाग, अथणीपर्यंत काळी, चिकट, चुनखडीची जमीन. तंबाखू आणि उसाला ती मानवते, तगरीला अडचणीची. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. त्यात चुलीतली राख घातली की चुन्याची बाजू आणखी वाढते. तीच राख खानापूरच्या तांबड्या मातीत थोडी घातली तर फायदाच होतो. खानापूरच्या मावशींचा सल्ला निपाणीत चालत नाही तो यामुळं. दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात.

लोह कमी पडल्याचं ओळखायचं कसं? कबऱ्या पानात हे फसवं असतं, कारण पांढरं तर आधीच आहे. मधल्या हिरव्या भागाकडं बघा. सगळ्यात नव्या पानांचा मधला भाग पिवळट आणि त्यात शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर लोहाची कमतरता. साध्या झाडावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम फवारतात. कबऱ्यावर मी निम्मंच, अडीच ग्रॅम घेतो आणि त्यात चिमूटभर लिंबूसत्व. संध्याकाळी फवारायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा, बस. फरशीवर किंवा पांढऱ्या भिंतीवर पडलं तर गंजासारखे डाग पडतात आणि निघत नाहीत, म्हणून खाली पोतं अंथरा. पण हा तात्पुरता इलाज आहे. खरा इलाज जमिनीत सेंद्रिय माल वाढवणं. होबळीच्या (तालुक्यातल्या विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटकच्या सरकारी शेती कार्यालयात, माती तपासणीची चौकशी करा. सामू (पीएच) ८ च्या आसपास आला तर राखेकडं परत वळूनही बघू नका.

खत म्हणून काय घालायचं? पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन वर्षांच्या झाडाला दोन ओंजळी, वर्षातून तीनदा: फेब्रुवारीत, जूनच्या सुरुवातीला आणि दसऱ्याला. सोबत मूठभर निंबोळी पेंड. कबऱ्या तगरीला याहून जास्त लागत नाही. तिची भूकच लहान आहे. तुमच्याकडं साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) सहज मिळते. ती ताजी घालू नका, कुजताना तापते आणि मुळं भाजते. सहा महिने खड्ड्यात कुजवलेली असेल तर चालेल. आच्छादनाला मात्र तुमच्याइतकी चैन कुणाची नाही. उसाचं पाचट तोडून बुंध्यापासून चार बोटं अंतर सोडून वीतभर जाड पसरा. जमीन गार राहते, पाणी निम्म्यावर येतं आणि कुजलं की तेच खत. आमच्या बाजूला आम्ही भाताचं तूस वापरतो, पण ते पावसात वाहून जातं. पाचट बसून राहतं.

काळ्या मातीत नवीन झाड लावताना एक सांगतो. खड्ड्यात दोन पाट्या वाळू घालून काही होत नाही. काळ्या मातीतला वाळूचा खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाणी साठवायची विहीरच. त्यापेक्षा जमिनीवर फूटभर उंचवटा करा, तांबडी माती, शेणखत आणि जागेवरची माती सारख्या भागात मिसळून, आणि झाड त्या उंचवट्यावर लावा. खानापूरकडं उलट, दीड फुटाचा खड्डा शेणखतानं भरून घ्यावा लागतो, कारण तिथली माती धुवून निघालेली असते. लावायची वेळही वेगळी. तुमच्याकडं मृगाचा पाऊस झाला की लगेच. खानापूर-जांबोटीत जुलैच्या झडीत लावलेलं रोप सडतं, म्हणून तिथं गणेश चतुर्थीच्या सुमाराला. दोन झाडांत चार फूट अंतर पुरे.

रोप विकत घेतानाचीही गोष्ट यातच येते. आपल्या भागातल्या रोपवाटिकांत बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. तिथल्या चिकट मातीचा घट्ट गोळा मुळांभोवती असतो. तो तसाच जमिनीत ठेवला तर वरून कितीही पाणी घाला, बाहेरची माती भिजते आणि गोळा आतून कोरडाच राहतो. लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि बाहेरची थोडी माती हलक्या हातानं सोडवा. रोप निवडताना शेंड्याची झळाळी बघून भुलू नका, खाली वाकून बुंधा बघा. बुडाशी एकही हिरवा फुटवा नको.

किडींत मला भीती एकाचीच वाटते. कण्हेरीवर येणारा मोठा पतंग तगरीवरही अंडी घालतो. त्याची अळी बोटाएवढी जाड, हिरवी, डोक्यामागं निळे डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीकडं छोटं शिंग. चार-पाच अळ्या दोन रात्रींत झाड बोडकं करतात. साधी तगर पुन्हा फुटते, कबरीला ते फार महागात पडतं. पाऊस सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा झाडाखालची जमीन बघा. मिऱ्यांएवढी काळी लेंडी दिसली की बरोबर वर बघा, अळी तिथंच असते. हातानं किंवा चिमट्यानं उचला. फवारणीची गरज नाही. पिठ्या ढेकूण आले तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त, मग साबणाच्या पाण्यानं धुणं, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल साबण घालून, संध्याकाळी. त्यांच्यामुळं पानांवर आलेली काळी काजळी मग आपोआप जाते.

फुलांचं थोडक्यात. ऊन, पाणी आणि हिरवी बाजू ही तीन कामं मार्गी लागली की फुलं वाढतील, पण साध्या तगरीएवढी कधीच नाहीत. छाटणी दरवर्षी थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत, नुसते शेंडे खुडण्यापुरती. चक्राकार कापून गोल गुबगुबीत झाड करायचा मोह टाळा. जितके जास्त काप, तितके जास्त डोळे, आणि तितकी हिरवं फुटायची संधी.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पश्चिमेच्या त्या जागी पुढं काही रंगीत हवंच असेल तर क्रोटॉन लावा. त्याला ऊन हवं आणि त्याचे रंग उन्हात खुलतात. भिंतीलगत पाचट आणि पाणी असलं की तुमच्याकडच्या उन्हात तो तग धरतो.

आता मे अर्धा झालाय. या आठवड्यात शेडनेट बांधा आणि पाचट घाला, खत काही नको. दोन चांगले वळीव पडून गेले की हिरवी बाजू अर्धी काढा आणि त्याच दिवशी कटिंग लावा. जूनच्या सुरुवातीला दोन ओंजळी शेणखत आणि पेंड. जुलैच्या मध्याला उरलेली हिरवी बाजू. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी बुडाशी नजर टाका. हिरवा फुटवा बोटाएवढा असताना नखानं खुडला जातो, कात्रीही लागत नाही. ऑगस्टमध्ये झाडाचा एक फोटो पाठवा, आणि त्याबरोबर बुंध्याचा जवळून काढलेला दुसरा, माती थोडी बाजूला करून. हिरवं मुळातून येतंय की खोडातून, ते मला त्यावरून सांगता येईल.